कॅल्शियम आत शिरते तेव्हा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी हयातभर तालुक्याच्या गावात जीवशास्त्र शिकवले. फळ्यावर पेशी काढताना केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका सगळे आधी येई आणि बाहेरची रेघ ते सर्वांत शेवटी, सावकाश काढत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मी त्या रेघेविषयी बोलणार आहे. पाच ते दहा नॅनोमीटर जाडीचे हे पेशीपटल आणि कॅल्शियमचा इशारा मिळताच त्याला जाऊन चिकटणारी प्रथिने, हा माझा विषय. तो मला जिव्हाळ्याचा वाटतो. आपण जखम होऊनही जगतो, विचार करतो, चालतो, या सगळ्याच्या मुळाशी ही प्रथिने आहेत आणि सर्वसाधारण वाचकाला त्यांचे नावही ठाऊक नसते.

सुरुवात कॅल्शियमपासून करू. 1882-83 च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. मिठाच्या साध्या द्रावणात हृदय छान चालते, असे त्यांनी छापूनही टाकले. नंतर तेच द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात बनवले, तर ठोके क्षीण होत होत थांबले. शोध घेतल्यावर कळले, की पहिले द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेले होते. न्यू रिव्हर कंपनी लंडनला जे पाणी पुरवत असे, त्यात कॅल्शियम होते आणि हृदय त्यावर चालत होते. रिंगर यांनी आपले आधीचे म्हणणे जाहीरपणे दुरुस्त केले. आपल्या प्रत्येक दवाखान्यात ‘आर. एल.’ म्हणून जी सलाइनची बाटली लावतात, ती याच रिंगर यांच्या द्रावणातून आली. 1930 च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातले.

कॅल्शियमवाचून हृदय आकुंचन पावत नाही हे रिंगर यांनी दाखवले. ते का, हे समजायला मात्र पुढची पाऊणशे-शंभर वर्षे गेली.

आपल्या रक्तात मोकळे कॅल्शियम साधारण 1.2 मिलिमोलर असते. स्वस्थ पेशीच्या आत, पेशीद्रव्यात, ते सुमारे 100 नॅनोमोलर असते. म्हणजे पटलाच्या दोन बाजूंत दहा हजार पटींचा फरक. तो आपोआप टिकत नाही. पटलावरचा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून कॅल्शियमचा एक आयन बाहेर ढकलतो, तर आंतर्द्रव्यजालिकेवरचा पंप एका एटीपीत दोन आयन जालिकेच्या पोटात साठवतो. जन्मापासून मरेपर्यंत हा उपसा चालू असतो. याचे एक कारण सरळ रसायनशास्त्राचे आहे. पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा साका बसतो. हाडात ते हवे असते, पेशीद्रव्यात नको. मात्र आत कॅल्शियम इतके कमी ठेवल्याचा आणखी एक मोठा फायदा पेशीला झाला. जिथे एरवी जवळजवळ काहीच नसते, तिथे थोडे जरी आले तरी ते लगेच जाणवते. कॅल्शियम हा पेशीचा इशारा बनला.

आता पटलाकडे पाहू. ते फॉस्फोलिपिडांच्या दोन थरांचे असते आणि हे दोन थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचे ऋणभारित फॉस्फोलिपिड पेशी जाणूनबुजून आतल्या थरात ठेवते. ते चुकून बाहेर गेलेच, तर एटीपी खर्चून त्याला परत आत आणणारी प्रथिने असतात. मला आज जे सांगायचे आहे, त्याचा गाभा इथे आहे. पेशीच्या आत ऋणभारित पटल सदैव तयार असते आणि वाट पाहायची असते ती कॅल्शियमची. पेशीबाहेर, रक्तात, कॅल्शियम सदैव तयार असते आणि वाट पाहायची असते ती ऋणभारित पटलाची. कॅल्शियमच्या साह्याने पटलाला चिकटणारी प्रथिने दोन्हीकडे आहेत. पेशी या दोन गोष्टींची गाठ एरवी पडू देत नाही. ती पडली की समजावे, काहीतरी घडले आहे.

या प्रथिनांच्या एका कुळाला ॲनेक्सिन म्हणतात. माणसात त्यांचे बारा सदस्य आहेत. ए1 पासून ए13 पर्यंत क्रमांक आहेत, त्यात ए12 ही जागा रिकामी आहे. या कुळाचा शोध एका माणसाने, एका जागी लावला नाही. 1978 मध्ये अमेरिकेत कार्ल क्रॉइट्झ, ख्रिस्तोफर पाझोलेस आणि हार्वे पोलार्ड हे अधिवृक्क ग्रंथीतले स्रावकण कॅल्शियम मिळाल्यावर एकमेकांना कसे चिकटतात, ते पाहत होते. त्यांना त्यामागचे प्रथिन सापडले. इंग्लंडमध्ये रॉडरिक फ्लॉवर आणि त्यांचे सहकारी स्टेरॉइडमुळे सूज कशी उतरते, याचा माग काढत एका प्रथिनापाशी पोचले. नेदरलंड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे ख्रिस रॉइटेलिंगस्पेर्गर यांना 1985 मध्ये नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तवाहिन्यांत रक्त साकळू न देणारे प्रथिन मिळाले. प्रत्येकाने आपापले नाव दिले होते. अमिनो आम्लांचा क्रम वाचता येऊ लागला, तेव्हा लक्षात आले की ही सगळी भावंडे आहेत. 1990 मध्ये सर्वांसाठी एक नाव ठरले. त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट हुबर यांच्या गटाने ॲनेक्सिन ए5 ची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. हुबर यांना प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित कामासाठी 1988 चे नोबेल आधीच मिळाले होते.

ती रचना पाहण्यासारखी आहे. सुमारे सत्तर अमिनो आम्लांची एक घडी, अशा चार घड्या मिळून किंचित बाक असलेली एक चकती होते. ए6 मध्ये मात्र आठ घड्या असतात. चकतीची फुगीर बाजू पटलाकडे असते आणि कॅल्शियमच्या जागा त्या बाजूला असतात. कॅल्शियमच्या आयनाला भोवती ऑक्सिजनच्या सहा ते आठ अणूंचे कडे लागते. ॲनेक्सिन त्यातल्या काहीच जागा भरते, उरलेल्या जागा पटलातल्या फॉस्फोलिपिडाचे ऑक्सिजन भरतात. त्यामुळे नुसत्या पाण्यात ॲनेक्सिनची कॅल्शियमवरची पकड सैल असते, आणि कॅल्शियम नसेल तर पटलाशीही त्याचे फारसे नाते नसते. तिघे एकत्र आले तरच पकड बसते. कॅल्शियमची पातळी उतरली की ॲनेक्सिन पटल सोडून पुन्हा पेशीद्रव्यात येते. चिकटायचे आणि वेळ येताच सुटायचेही, असे दोन्ही साधणारी ही योजना मला अतिशय सुंदर वाटते.

स्टेरॉइडवाल्या प्रथिनाची, म्हणजे ॲनेक्सिन ए1 ची, पुढची हकीकत विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावी. हे प्रथिन फॉस्फोलायपेझ ए2 या विकराला रोखते आणि म्हणून सूज कमी होते, असे प्रथम वाटले. परीक्षानळीत तसे दिसतही होते. नंतर कळले, की नळीत ॲनेक्सिन विकराला हातच लावत नव्हते. त्याने सगळे फॉस्फोलिपिड झाकून टाकल्यामुळे विकराला काम करायला जागाच उरत नव्हती. तरीही ए1 सूज उतरवते, हे निरीक्षण खरेच होते. वाट निराळी निघाली. ते पेशीबाहेर येऊन पांढऱ्या पेशींवरच्या एका ग्राहकाला जुळते आणि त्यांना आवरते. स्पष्टीकरण चुकले तरी निरीक्षण टाकून द्यायचे नसते, हे त्या संशोधकांनी पाळले म्हणून आज हे ज्ञान आपल्या हाती आहे.

आता पेशीबाहेर, रक्ताकडे येऊ. लॅबमध्ये रक्त काढतात तेव्हा रंगीत टोप्यांच्या नळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असते, फिक्या निळ्या टोपीच्या नळीत सोडियम सायट्रेट. दोन्हींचे काम एकच, रक्तातले कॅल्शियम धरून ठेवायचे. ते मोकळे नसेल तर रक्त गोठत नाही. निळ्या टोपीची नळी फिरवून वर आलेला पिवळसर प्लाझ्मा 37 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यात थ्रोम्बोप्लास्टिन घालतात. त्यात टिश्यू फॅक्टर, फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम हे तिन्ही असतात. निरोगी माणसाचा प्लाझ्मा मग 11 ते 13 सेकंदांत साकळतो. हीच प्रोथ्रॉम्बिन टाइम नावाची तपासणी. कॅल्शियम आणि पटल दोन्ही मिळाल्याशिवाय काहीच हलत नाही, हे या नळीत डोळ्यांनी दिसते.

रक्त साकळवणारे प्रोथ्रॉम्बिन आणि त्याच्या जोडीचे काही घटक पटलाला धरतात ते एका खास अमिनो आम्लाच्या जोरावर. यकृतात हे घटक तयार होताना व्हिटॅमिन के च्या मदतीने काही ग्लुटामिक आम्लांवर एक जादा कार्बोक्सिल गट बसवला जातो. तो बसला तरच कॅल्शियम धरता येते. 1974 मध्ये स्वीडनमधले योहान स्टेनफ्लो यांनी हे उलगडले, तेही गाईंच्या रक्तातून. व्हिटॅमिन के ला अडवणारे डायकुमेरॉल दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन भरपूर होते, फक्त ते निकामी होते. तुलना केल्यावर तो एक गट नसल्याचे दिसले. हृदयाची झडप बदललेले रुग्ण वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉलची जी गोळी घेतात, ती हेच करते. त्या गोळीने रक्त मुळीच पातळ होत नाही. रक्तात प्रोथ्रॉम्बिन फिरत असते, पण ते पटलावर बसू शकत नाही. जन्मलेल्या बाळाला मांडीत व्हिटॅमिन के चे इंजेक्शन देतात तेही याचसाठी.

आणि पटल? जखम झाली की प्लेटलेटमध्ये कॅल्शियम चढते आणि टीएमईएम16एफ नावाचे प्रथिन पटलाच्या दोन थरांतला भेद मोडते. आत जपलेले फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते आणि साकळण्याची सगळी यंत्रणा नेमकी तिथेच, जखमेच्या जागी, बसते. हे प्रथिन 2010 मध्ये शिगेकाझू नागाता यांच्या जपानी गटाने ओळखले. ज्यांच्यात ते बिघडलेले असते त्यांना स्कॉट सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो. प्लेटलेट पुरेशा, रक्तातले घटक ठीक, आणि तरी रक्तस्राव थांबत नाही.

आपल्याकडच्या घोणशीचे विष याच साखळीत मधोमध घुसते. ते साकळण्याच्या साखळीतल्या फॅक्टर एक्स या घटकाला एकाएकी चालना देते, साकळण्याचे सारे घटक संपून जातात आणि मग रक्त गोठेनासे होते. ग्रामीण रुग्णालयात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग ती तिरपी करून पाहतात. रक्त अजून वाहत असेल तर प्रतिविष द्यावे लागते. तेच विष अत्यंत सौम्य करून शहरातल्या लॅब वापरतात, वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांच्या तपासणीत. त्यांच्या रक्तात फॉस्फोलिपिडांशी निगडित प्रतिपिंडे असतात. वारेच्या पृष्ठभागावर ॲनेक्सिन ए5 चा जो थर रक्त साकळू देत नाही, तो ही प्रतिपिंडे विस्कटतात, असे जेकब रँड यांनी 1997 मध्ये मांडले. या गर्भपातांचे ते एकमेव कारण मानले जात नाही, पण मला ती मांडणी फार मोलाची वाटते. तिच्यामुळे वारेतल्या रक्ताच्या गुठळ्यांकडे पटलाच्या अंगाने पाहता येऊ लागले.

ॲनेक्सिन ए5 जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले ते मात्र आणखी एका कारणाने. पेशी स्वतःहून मरायला लागते तेव्हाही फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. भक्षकपेशी ती खूण ओळखून तिला गिळतात, हे व्हॅलरी फॅडॉक यांनी 1992 मध्ये दाखवले. ए5 ला हिरवा चमकणारा रंग जोडला की मरणाऱ्या पेशी हिरव्या दिसतात. आज कर्करोगावरच्या कोणत्याही नव्या औषधाचा अभ्यास करणारा विद्यार्थी हा प्रयोग करतोच. त्या द्रावणात 2.5 मिलिमोलर कॅल्शियम घालावे लागते. घाईत पेशी ईडीटीए असलेल्या द्रावणाने धुतल्या, तर काही क्षणांत हिरवा रंग उतरतो. मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम करून दाखवतो. दहा पाने वाचून जे कळत नाही, ते रंग उतरताना पाहून कळते.

चेतापेशींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग बराच लिहिला गेला आहे. तिथे सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन पाच कॅल्शियम आयन धरते, पटलाला भिडते आणि एका मिलिसेकंदाच्या आत रसायनांनी भरलेली पिशवी पटलाशी एकरूप होते. थॉमस स्यूडहॉफ यांना 2013 चे नोबेल जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्यासोबत मिळाले, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. ॲनेक्सिनांपैकी ए11 चेतापेशीच्या लांब तंतूतून लयकारिकांच्या पाठीवर आरएनएचे कण वाहून नेण्यास मदत करते. त्यातले बिघाड एएलएस या असाध्य आजाराशी जोडलेले आहेत, हे 2017 पासून माहीत आहे.

मला अधिक वेळ द्यायचा आहे तो पटल फाटण्याला. आपल्या पेशींची पटले रोज फाटतात. जिना उतरताना मांडीच्या स्नायूपेशींत, घास पुढे सरकताना आतड्याच्या अस्तरात. मिसळीच्या कटावरची तर्री चमच्याने बाजूला सारली तरी पुन्हा जुळून येते, तसे फॉस्फोलिपिडांच्या थरातले लहान भोक आपोआप बुजते. पण खऱ्या पेशीचे पटल आतल्या सांगाड्याला ताणून बांधलेले असते. तिथे मोठे भोक पडले की कडा जवळ येत नाहीत, उलट दूर जातात. 1930 च्या सुमारास लुइस हाइलब्रुन यांनी समुद्री साळिंदराची अंडी फाडून पाहिली. समुद्राच्या पाण्यात फाटलेल्या जागी लगेच खपली धरली, कॅल्शियम काढलेल्या पाण्यात अंड्यातला ऐवज वाहून गेला. 1994 मध्ये रिचर्ड स्टाइनहार्ट यांच्या गटाने दाखवले, की आतल्या पिशव्या धावून येऊन फाटलेल्या जागी पटलात मिसळतात, आणि सिनॅप्समधली, म्हणजे चेतापेशींच्या सांध्यातली, पिशव्यांची यंत्रणा बंद पाडणारी विषे ही दुरुस्तीही बंद पाडतात.

बाहेरचे दहा हजार पटींचे कॅल्शियम भोकातून आत घुसते तेव्हा पेशीच्या जिवावर बेतलेले असते. पण तेच कॅल्शियम जखम कुठे आहे हेही सांगते, कारण भोकापाशी ते सर्वांत जास्त आणि आत जावे तसे कमी होत जाते. ॲनेक्सिने त्या उतरंडीच्या माथ्याशी गोळा होतात. ए5 चे तीन-तीन रेणू जुळून फाटक्या कडेवर सपाट, नियमित जाळी विणतात आणि कडा अधिक फाटू देत नाहीत, हे 2011 मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने दाखवले. ए1, ए2 आणि ए6 हीही तिथे पोचतात. एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ए5 मुळीच नसलेले उंदीर जन्मतात, वाढतात, त्यांना पिल्लेही होतात. म्हणून हे प्रथिन बिनकामाचे, असे काहींनी म्हटले. मग लेझरने पटल फाडून पाहिले, तेव्हा त्यांच्या काही पेशींना ते बुजवता आले नाही. पिंजऱ्यातल्या सुखरूप आयुष्यात जे दिसत नव्हते, ते जखम झाल्यावर दिसले.

माणसात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते डिस्फर्लिन या प्रथिनाच्या अभावात. सिनॅप्टोटॅग्मिनसारखेच कॅल्शियम धरणारे सात भाग या एका रेणूत असतात आणि ते ए1 व ए2 यांच्याशी जोडीने काम करते. त्याचे जनुक 1998 मध्ये सापडले. 2003 मध्ये केव्हिन कॅम्पबेल यांच्या गटाने उंदराचा एकेक स्नायूतंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून लेझरने टोचला. भोवतीच्या द्रावणातला रंग भोकातून आत शिरला की चमकू लागतो. निरोगी तंतूत एका बाजूला छोटा ठिपका उजळतो आणि मिनिटभरात वाढायचा थांबतो. डिस्फर्लिन नसलेल्या तंतूत उजेड पसरतच जातो.

तो उजेड ज्यांच्या पायांत पसरतो, ती माणसे बहुधा पंधरा ते तीस वयाची असतात. त्यांतली कितीतरी शाळेत चांगली खेळाडू असतात. मग एक दिवस चवड्यांवर उभे राहता येत नाही, जिना अवघड होतो. रक्तातले क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतून गळणारे विकर हजारोंत जाते. स्नायूच्या तुकड्यात दाहाच्या पेशी दिसतात, म्हणून पॉलिमायोसायटिस समजून स्टेरॉइड चालू होते आणि वर्षे निघून जातात. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही. डेफ्लाझाकोर्ट या स्टेरॉइडची नीट चाचणी झाली, तेव्हा ताकद सुधारली नाही, उलट घटण्याकडेच कल दिसला. जनुक बदलून देण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण डिस्फर्लिनचा संदेश सहा हजारांहून अधिक अक्षरांचा आहे आणि तो वाहून नेणाऱ्या विषाणूत पाच हजारही जेमतेम मावत नाहीत. म्हणून तो दोन तुकड्यांत पाठवून पाहत आहेत. बाहेरून दिलेले ॲनेक्सिन ए6 उंदरांच्या स्नायूंना फाटण्यापासून वाचवते, हे 2019 मध्ये शिकागोतल्या एलिझाबेथ मॅकनॅली यांच्या गटाने दाखवले. माणसांसाठी औषध अजून हाती नाही.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्ने होतात, तिथे ही शक्यता वाढते. डिस्फर्लिन रक्तातल्या मोनोसाइट पेशींतही असते, त्यामुळे निदानासाठी दर वेळी स्नायूचा तुकडा काढायची गरज नाही, साध्या रक्तातूनही ते तपासता येते. सभागृहात बरेच डॉक्टर आहेत, त्यांना माझी विनंती आहे. धावणारा एखादा तरुण पोटऱ्या बारीक झाल्याचे सांगत आला आणि क्रिएटिन कायनेज हजारोंत असेल, तर स्टेरॉइड लिहिण्यापूर्वी त्याला चवड्यांवर उभे राहायला सांगा आणि डिस्फर्लिनची तपासणी करून घ्या.